ग्रह सूर्यावर का पडत नाहीत? (खरं तर ते सतत पडतच असतात)

ध्रुवमत्स्य:

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच काढतो. ग्रह सूर्याभोवती फिरत का राहतात याचं एक ठरलेलं उत्तर सगळीकडे दिसतं, व्हिडिओत, गाईडमध्ये, फॉरवर्डमध्ये. सूर्याचं गुरुत्वाकर्षण आत ओढतं, अपकेंद्री बल बाहेर ढकलतं, दोन्ही अगदी सारखी, म्हणून ग्रह ना आत जातो ना बाहेर. ऐकायला इतकं पटतं की पुढे कोणी विचारच करत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

न्यूटनचा पहिला नियम आठवा. एखाद्या वस्तूवरची सगळी बलं एकमेकांना खोडून काढत असतील तर ती वस्तू आहे त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. मग पृथ्वीवर खरंच आत आणि बाहेर सारखीच बलं लागत असती तर ती सरळ निघून गेली असती ना, वळली कशाला असती? ती वळतेय याचाच अर्थ तिच्यावरचं बल कशानेही खोडलं जात नाहीये. बल एकच आहे, सूर्याकडे खेचणारं. दुसरी जी गोष्ट आहे ती जडत्व, आणि जडत्व कुणाला कुठे ढकलत नाही, बाहेर तर नाहीच नाही. जी वस्तू ज्या दिशेने ज्या वेगाने चाललीय ती तशीच चालत राहणार, एवढंच जडत्व. पृथ्वीच्या बाबतीत ती दिशा सूर्यापासून लांब जाणारी नाही, आडवी आहे, कक्षेच्या स्पर्शिकेवर.

आता आकडे बघा, मला तरी आकडे बघितल्याशिवाय हे कधी नीट कळलं नव्हतं. पृथ्वी एका सेकंदात साधारण ३० किलोमीटर आडवी जाते. त्याच एका सेकंदात ती त्या सरळ रेषेपासून सूर्याकडे किती पडते? साधारण ३ मिलिमीटर. ३० किलोमीटर पुढे, ३ मिलिमीटर आत. पुढच्या सेकंदाला परत तेच, फक्त पृथ्वी पुढे सरकल्यामुळे सूर्याची दिशा किंचित बदललेली असते, मग पडायचं ते त्या नव्या दिशेने. असे सेकंदामागून सेकंद वर्षभर जोडत गेलं की कक्षा पूर्ण होते. म्हणजे पडणं कधी थांबतच नाही, फक्त जितकं आत पडावं तितकी वाट आडव्या वेगामुळे वळून जाते आणि सूर्यापर्यंत पोचणं काही होत नाही.

न्यूटनने चंद्रावर हेच करून बघितलं आणि मला ते विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर गणितांपैकी एक वाटतं. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट लांब. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल तर तिथे ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटीने कमी असणार. ४.९ मीटर भागिले ३६००, उत्तर १.३६ मिलिमीटर. हे झालं जमिनीवरून निघालेलं उत्तर. आता चंद्राकडून या. चंद्र सेकंदाला १.०२२ किमी जातो आणि त्याचं अंतर ३,८४,४०० किमी. गेलेल्या अंतराचा वर्ग करा, त्याला कक्षेच्या त्रिज्येच्या दुपटीने भागा, की सरळ रेषेपासून तो किती आत आला ते मिळतं. करून बघा, १.३६ मिलिमीटर! जमिनीवर पडणारा दगड आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने पडतायत हे दोन्ही बाजूंनी निघालेल्या एकाच आकड्यावरून कळतं. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने ते असं मांडलंय की दगड एका सेकंदात जेवढा पडतो तेवढाच चंद्र एका मिनिटात पडतो.

प्रश्न, हरकती, सगळं चालेल. हरकती आल्या तर जास्त आवडेल.

पाऊलवाट:

फार छान लिहिलंय. ३ मिलिमीटरवर मी थांबलेच, परत वाचलं. मी सायन्सची नाही त्यामुळे प्रश्न साधे आहेत, सांभाळून घ्या. एक म्हणजे हा आडवा वेग मुळात आला कुठून, कोणी दिला? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: तो वेग इतका बरोब्बर कसा काय? जरासा कमी असता तर पृथ्वी गोल गोल फिरत आत गेली असती, जरासा जास्त असता तर निघून गेली असती, असंच ऐकत आलेय. एवढं नाजूक जमवून कसं आलं आठही ग्रहांना?

अनवट:

ध्रुवमत्स्य, मुद्दा कळला पण पूर्ण पटला नाही. अपकेंद्री बल नाहीच असं कसं म्हणता? गाडी जोरात वळली की आपण दाराकडे फेकले जातो, ते काय मनाने? इंजिनीअरिंगला आम्ही ते बल धरून गणितं केलीत आणि मशीन नीट चालतात. उगाच विद्यार्थ्यांचा गोंधळ नको व्हायला म्हणून विचारतोय.

उल्का:

अनवट, मी नववी-दहावीला शिकवते, हा प्रश्न दरवर्षी येतो. दोरीला दगड बांधून डोक्यावर फिरवा आणि दोरी सोडा. बाहेर ढकलणारं बल खरंच असतं तर सोडल्या सोडल्या दगड हातापासून थेट बाहेर, त्रिज्येच्या रेषेत उडाला असता. तसं होत नाही. तो ज्या क्षणी सुटला त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडेच सरळ जातो, म्हणजे आडवा. वर्गात वहीत बाण काढायला सांगितलं की अर्ध्याहून जास्त मुलं बाण बाहेरच्या दिशेने काढतात, मग मैदानात जाऊन करून दाखवलं की कुणाला परत सांगावं लागत नाही. गाडीतही तेच आहे, तुम्ही सरळ चाललेले असता आणि दार वळून तुमच्याकडे येतं.

वर्गमूळ:

अनवट यांचं म्हणणं चूक नाहीये, फक्त ते कुठे उभं राहून बोलतायत ते सांगायला हवं. ग्रहाबरोबर फिरणाऱ्या फ्रेममध्ये बसलात तर ग्रह जागेवर दिसतो, आणि जागेवर दिसतोय तर ओढ खोडायला काहीतरी धरावं लागणार, ते अपकेंद्री बल. हिशोबाला ते एकदम सोयीचं. आदित्य एल-१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ज्या बिंदूच्या आसपास फिरतंय तो बिंदू शोधायला हीच पद्धत वापरतात, सूर्य आणि पृथ्वी दोघांची ओढ आणि फिरत्या फ्रेमचं अपकेंद्री बल. पण बाहेर स्थिर उभं राहून बघितलं तर ते बल नाहीसं होतं आणि फक्त गुरुत्वाकर्षण उरतं. घोळ होतो तो अर्धं वाक्य एका फ्रेममधून आणि अर्धं दुसऱ्या फ्रेममधून बोलल्यामुळे, म्हणजे 'पृथ्वी फिरते' हे बाहेरून बघायचं आणि 'बाहेर ढकलणारं बल आहे' हे आतून.

अनवट:

हे नीट समजलं. म्हणजे मशीनच्या गणितात आम्ही न सांगता फिरत्या फ्रेममध्येच बसलेलो असतो. ठीक, मग ग्रहाला फिरवणारं बल एकच, मान्य.

वर्गमूळ:

आता पाऊलवाट यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो कारण माझ्या मते सगळ्या धाग्यातला खरा प्रश्न तो आहे. वेग बरोब्बर नाहीच आहे हो! पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही, किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून १४.७१ कोटी किमीवर असते, सगळ्यात जवळ, आणि तेव्हा तिचा वेग सेकंदाला ३०.२९ किमी. त्या अंतरावर नुसतं वर्तुळात फिरायला किती लागतो? ३०.०४ किमी. म्हणजे जानेवारीत पृथ्वीकडे गरजेपेक्षा जास्त वेग असतो, त्यामुळे ती तिथे टिकत नाही, हळूहळू बाहेर जायला लागते. बाहेर जाताना सूर्याची ओढ मागे खेचत असते म्हणून वेग कमी होत जातो. जुलैच्या सुरुवातीला ती १५.२१ कोटी किमीवर पोचते, वेग उरतो २९.२९, आणि त्या अंतरावर वर्तुळासाठी लागतो २९.५४. आता कमी पडला! म्हणून परत आत यायला लागते, आत येताना वेग वाढतो, जानेवारीत परत जास्त होतो.

कळतंय का काय चाललंय? तो 'बरोब्बर' वेग सगळ्या वर्षात फक्त जाता-येता गाठला जातो, आणि तेव्हाही ती वर्तुळात अडकत नाही कारण त्या वेळी तिची दिशा नेमकी आडवी नसते, थोडी बाहेर किंवा थोडी आत असते. एरवी वेग कधी जास्त, कधी कमी. आत आली की जास्त होतो म्हणून बाहेर फेकली जाते, बाहेर गेली की कमी होतो म्हणून परत येते. दुरुस्ती कक्षेतच आहे, बाहेरून कोणी जमवून द्यायची गरज नाही.

ध्रुवमत्स्य:

वर्गमूळ, ३०.२९ आणि ३०.०४ शेजारी शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते, हे फार सुंदर झालं.

पाऊलवाट, यालाच जोडून. समजा आजच्या जागेवर पृथ्वीचा आडवा वेग बदलायची मुभा आपल्याला मिळाली. किती कमी केला तर ती सूर्यावर आदळेल? गणित केलं तर उत्तर येतं सेकंदाला साधारण २.९ किमीच्या खाली. म्हणजे आहे त्यातला नव्वद टक्के वेग काढून घ्यावा लागेल! त्याच्या वर कितीही ठेवा, ती सूर्याच्या जवळून जाऊन परत येईल, कक्षा लांबुळकी होईल एवढंच (आपलं काय होईल ते वेगळं, जीवसृष्टी जगणार नाही, पण ग्रह म्हणून कक्षा राहील). आणि वरच्या बाजूला? ४२.१ किमी हा तिथला मुक्तिवेग, तो गाठला तर मात्र कायमची गेली. २.९ पासून ४२.१ पर्यंत एवढा मोठा पट्टा आहे आणि त्यात कुठेही कक्षा बनते. 'सुईच्या टोकावरचा तोल' हे जे सांगितलं जातं ते इथे लागूच होत नाही.

वेग पूर्ण शून्य केला तर पृथ्वी सरळ सूर्याकडे निघेल आणि साधारण ६४-६५ दिवसांत पोचेल.

पाऊलवाट:

मग ते 'गोल गोल फिरत आत जाणं' कुठून आलं? आमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच चित्र असतं.

ध्रुवमत्स्य:

ते घर्षणामुळे होतं. खालच्या कक्षेतल्या सॅटेलाइटला वरच्या विरळ हवेचा अडथळा होतो, प्रत्येक फेरीत थोडी थोडी ऊर्जा जाते आणि कक्षा लहान होत जाते. स्कायलॅब १९७९ साली अशीच खाली आली. ग्रहांच्या वाटेवर अडवायला जवळजवळ काही नाही, त्यामुळे एकदा वेग कमी केला तर एकदाच कक्षा बदलते, मग ती नवीन कक्षा तशीच चालू राहते. ग्रहाला फिरत राहायला इंधन लागत नाही ते याच कारणाने, चालत राहायला बल लागतच नाही, बल लागतं ते फक्त वळायला.

याचा प्रत्यक्ष प्रयोगही झालाय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फस नावाच्या साधारण १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, सेकंदाला ६ किमीहून जास्त वेगाने. हा डिमॉर्फस डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. समोरून टक्कर दिल्यामुळे त्याचा वेग कमी झाला. पडला का तो डिडिमॉसवर? नाही. आधी एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं लागायची, आता त्यापेक्षा अर्धा तास आणि वर काही मिनिटं कमी लागतात. कक्षा लहान झाली, फेरी लवकर होते, संपलं.

उल्का:

वेग कमी केला आणि फेरी लवकर व्हायला लागली, हे वाचून कुणी अडखळलं असेल तर त्यांनी तिथे जरा थांबावं, कारण हे खरंच आहे आणि फार मजेशीर आहे. ब्रेक लावला की वस्तू आत पडते, आत पडताना वेग वाढतो, आणि शेवटी सरासरी वेग आधीपेक्षा जास्त होतो. अंतराळयानांना एकमेकांना गाठताना हेच करावं लागतं, पुढचं यान गाठायचं तर खालच्या कक्षेत जायचं. नुसता पुढे जोर लावला तर तुम्ही वर जाता आणि मागे पडता.

निळी शाई:

मी अकरावीत आहे. खूप मदत झाली. दोन डाउट आहेत. १) स्पेस स्टेशनवर ग्रॅव्हिटी नसते म्हणून अंतराळवीर तरंगतात ना? मग ते स्टेशन फिरतं कसं, ओढायला काहीच नाही तर? २) गुरू पृथ्वीच्या ३१८ पट जड आहे. त्याला सूर्य जास्त जोरात ओढत असणार, मग तो जास्त लवकर पडायला पाहिजे ना?

उल्का:

तुझा पहिला डाउट तूच अर्धा सोडवलास बघ, 'ओढायला काहीच नसेल तर फिरतं कसं' हा प्रश्न विचारलास की उत्तर हातात येतं. स्टेशन साधारण ४०० किमी उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीच्या ८९ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे भरपूर. स्टेशन पडतंय, आतली माणसं पडतायत, हातातून सुटलेलं पेनही पडतंय, सगळे एकाच दराने, म्हणून एकमेकांच्या तुलनेत कोणी हलत नाही आणि तरंगल्यासारखं दिसतं. स्टेशनचा आडवा वेग सेकंदाला साधारण ७.७ किमी आहे, त्यामुळे पडता पडता पृथ्वीला फेरी होते, दीड तासाला एक.

न्यूटनच्या डोंगरावरच्या तोफेचं चित्र तू पाहिलं असशील. त्यात हवेचा अडथळा सोडून दिलाय हे लक्षात ठेव. सेकंदाला ७.९ किमी वेगाने गोळा आडवा सोडला तर एका सेकंदात तो ४.९ मीटर पडतो आणि ७.९ किमी पुढे गेल्यावर पृथ्वीचा गोलावाही जमीन ४.९ मीटरच खाली नेतो. गोळा पडला तेवढीच जमीन खाली गेली. झालं, ही कक्षा.

दुसरा डाउट: हो, गुरूला सूर्य जास्त बलाने ओढतो. त्याच अंतरावर पृथ्वी ठेवली तर तिच्यापेक्षा ३१८ पट जास्त. पण गुरूला वळवायलाही ३१८ पट जड जातं कारण त्याचं जडत्वही तितकंच जास्त. वस्तुमान दोन्हीकडे आहे, वर आणि खाली, कटून जातं. म्हणून गुरूच्या जागी एखादा खडा त्याच वेगाने सोडला तर तोही जवळपास त्याच कक्षेत फिरेल. १९७१ ला अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवलं होतं, दोन्ही बरोबर खाली पडले. ग्रहांचंही तेच.

ध्रुवमत्स्य:

आणि हे कटून जाणं साधं समजू नका. ओढ ठरवणारं वस्तुमान आणि जडत्व ठरवणारं वस्तुमान एकच का असावं याचं न्यूटनकडे उत्तर नव्हतं, तसं आहे एवढं त्याने लंबकांचे प्रयोग करून तपासलं होतं. आइन्स्टाइनने तिथूनच सुरुवात केली.

अनवट:

आइन्स्टाइनचं नाव निघालंच आहे तर, त्याच्या मते गुरुत्वाकर्षण हे बलच नाही ना? मग 'बल एकच आहे' हे तरी कसं टिकतं?

वर्गमूळ:

त्याच्या मांडणीत ग्रह वाकलेल्या अवकाश-काळात त्यातल्या त्यात सरळ वाट धरून चाललेला असतो, म्हणजे नुसतं जडत्वच उरतं, बाहेर ढकलणारं बल तिथेही नाहीच. ग्रहांच्या हिशोबात दोन्हींतला फरक अगदी बारीक. सगळ्यात जास्त दिसतो तो बुधाच्या बाबतीत. त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्तीचा सरकतो, १८५९ ला ल व्हेरिएने ही गडबड दाखवली होती (तेव्हाच्या हिशोबाने आकडा थोडा कमी होता) आणि १९१५ ला आइन्स्टाइनच्या समीकरणांतून ती बरोबर निघाली. या धाग्यातल्या बाकी सगळ्या गणितांना न्यूटन पुरतो.

आणि मघाचं एक राहिलं. कक्षा स्वतःला सावरते असं मी लिहिलं, पण ते काही कुठल्याही बलाने होत नाही. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते म्हणून ते जमतं. ती घनाने कमी होत असती, म्हणजे अंतर दुप्पट केल्यावर आठ पटीने, तर पाऊलवाट म्हणतायत तीच भीती खरी ठरली असती. जरा धक्का लागला की ग्रह गोल गोल फिरत आत, नाहीतर गोल गोल फिरत कायमचा बाहेर. अशा विश्वात वर्तुळाकार कक्षा कागदावर काढता येते, टिकत नाही. १९१७ ला एरेनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने याच अंगाने विचार केला होता की अवकाशाला तीनच मिती असण्याचं भौतिकीत काय महत्त्व आहे.

पाऊलवाट:

हे वाचून तर अंगावर काटा आला. माझा पहिला प्रश्न राहिलाय हां, आडवा वेग दिला कोणी?

ध्रुवमत्स्य:

विसरलो नव्हतो, मुद्दाम शेवटी ठेवला होता कारण तो मोठा आहे.

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग स्वतःच्याच ओढीने आकसायला लागला. अशा ढगातलं सगळं काही अगदी स्थिर नसतं, कुठे इकडे कुठे तिकडे हालचाल असते आणि सगळ्याची बेरीज केली तर थोडंसं फिरणं शिल्लक उरतं. ढग आकसला की कोनीय संवेग (वस्तुमान, फिरण्याचा वेग आणि अक्षापासूनचं अंतर मिळून होणारं फिरण्याचं माप) तसाच राहावा लागतो, म्हणून फिरणं वाढत जातं. फिरण्याच्या अक्षाच्या दिशेने पडायला अडथळा नसतो पण अक्षाकडे आत यायला असतो, त्यामुळे ढग चपटा होत होत तबकडी बनली. मधे सूर्य, सगळ्या सूर्यमालेच्या वस्तुमानाचा ९९.८६ टक्के भाग त्याने घेतला, आणि उरलेल्या तबकडीतून ग्रह झाले. म्हणून आठही ग्रह एकाच दिशेने फिरतात आणि जवळपास एकाच पातळीत. तो आडवा वेग कोणी नंतर दिलेला नाही, ज्या सामानातून ग्रह बनले ते सामानच फिरत होतं.

यात तुमच्या 'आठही ग्रहांना जमलं कसं' याचंही उत्तर आहे. ज्या सामानाकडे पुरेसा आडवा वेग नव्हता ते सूर्यात गेलं, ज्याच्याकडे जास्त होता ते फेकलं गेलं. आपण बघतोय ते उरलेले. अजूनही असे धूमकेतू येतात ज्यांच्याकडे आडवा वेग फारच कमी असतो, सोहो या सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानाच्या फोटोंमध्ये ५००० हून जास्त धूमकेतू सापडलेत आणि त्यातले बहुतेक सूर्याला घासून जाणारे, बरेचसे तिथेच संपणारे.

अनवट:

म्हणजे सूर्यावर पडणं हेच अवघड काम आहे असं म्हणायचं!

ध्रुवमत्स्य:

अगदी खरं आहे ते. पार्कर यान ऑगस्ट २०१८ ला निघालं. सूर्याजवळ जायचं तर पृथ्वीकडून मिळालेला तो ३० किमीचा आडवा वेग कमी करावा लागतो, आणि तेवढं कुठल्याही रॉकेटच्या आवाक्यात नाही. त्यापेक्षा सूर्यमालेतून कायमचं बाहेर पडायला कमी वेग लागतो, ४२.१ वजा ३०, म्हणजे १२ च्या आसपास. म्हणून पार्करला शुक्राजवळून सात वेळा नेलं, दर वेळी शुक्राने त्याचा थोडा वेग काढून घेतला, आणि मग २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवर पोचलं. तिथे वेग सेकंदाला १९२ किमी! एवढ्या वेगामुळेच ते परत बाहेर फेकलं गेलं, वर्गमूळ यांनी पृथ्वीचं जानेवारीचं सांगितलं तेच, फक्त फार टोकाचं.

उल्का:

याची उलट बाजूही मुलांना आवर्जून सांगते. बाहेरून आलेल्या वस्तूला ग्रह किंवा सूर्य आपोआप 'पकडत' नाही. येताना पडून जो वेग मिळतो तोच जाताना बाहेर काढतो. २०१७ ला ओमुआमुआ दुसऱ्या ताऱ्याकडून आला, सूर्याला वळसा घालून निघून गेला. चांद्रयान-३ ला म्हणूनच ५ ऑगस्ट २०२३ ला चंद्राजवळ पोचल्यावर इंजिन उलटं चालवून वेग कमी करावा लागला, तेव्हा कुठे ते चंद्राच्या कक्षेत गेलं. मंगळयानाचंही २४ सप्टेंबर २०१४ ला तसंच, सेकंदाला साधारण १.१ किमीने वेग कमी केला. इंजिन चाललं नसतं तर यान मंगळावर पडलं नसतं, मंगळाला ओलांडून पुढे गेलं असतं.

पाऊलवाट:

आणि सूर्य एकदम नाहीसा झाला तर? होणार नाही माहितीये, तरी.

वर्गमूळ:

सव्वाआठ-साडेआठ मिनिटं काहीच कळणार नाही, पृथ्वी वळतच राहील, कारण गुरुत्वाकर्षणातला बदलही प्रकाशाच्याच वेगाने पोचतो. मग त्या क्षणी जिकडे चालली असेल त्या स्पर्शिकेवर सरळ, सेकंदाला ३० किमीने.

निळी शाई:

मी गुरूचं गणित करून बघितलं. तो सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब आहे म्हणून ओढीमुळे येणारं त्वरण ५.२ च्या वर्गाने, म्हणजे २७ पटीने कमी. ३ मिमी भागिले २७ म्हणजे एका सेकंदात ०.११ मिमी पडतो. आणि दुसऱ्या बाजूने, वेग १३.१ किमी, त्याचा वर्ग भागिले ७७.८ कोटी किमीची दुप्पट, तेही ०.११ मिमी आलं! बरोबर आहे का? आणि चंद्र दरवर्षी लांब जातोय असं वाचलं होतं, मग तो पडत असूनही लांब कसा जातो?

ध्रुवमत्स्य:

एकदम बरोबर, दोन्ही बाजूंनी केलंस हे फार आवडलं. आता नेपच्यून कर, ३० पट लांब, वेग ५.४ किमी, मिलिमीटरचे हजारावे भाग येतील.

चंद्राचं असं आहे की त्याच्या ओढीमुळे समुद्राला भरती येते, पण पृथ्वी स्वतःभोवती चंद्राच्या फेरीपेक्षा लवकर फिरते म्हणून तो भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे नेला जातो. त्या पुढच्या फुगवट्याची ओढ चंद्राला त्याच्या चालीच्याच दिशेने जरा पुढे खेचते. पुढे जोर लावला की वस्तू वर जाते, उल्काताईंनी वर यानांबद्दल लिहिलंय तेच. त्यामुळे चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो, अपोलोच्या वेळी ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलंय. आणि ती ऊर्जा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून जाते, म्हणून दिवस अतिशय सावकाश लांबतोय. मंगळाच्या फोबोसचं बरोबर उलट, तो मंगळाच्या स्वतःभोवती फिरण्यापेक्षा लवकर फेरी मारतो, त्यामुळे त्याच्यामुळे मंगळात येणारा फुगवटा मागे पडतो, त्याला मागे खेचतो आणि तो शतकाला साधारण १.८ मीटर आत येतोय.